उभ्याने घेतलेला बुक्का

या, असे पुढे सरका. त्या खांबाला टेकून बसलात तर डोळा लागेल आणि मग माझ्या नावाने बोटं मोडाल. कीर्तनाला अजून अवकाश आहे. तबला सुरात लागतोय, समईत तेल घालायचं राहिलंय, तोवर तुम्हाला एक आख्यान सांगतो. माझंच आहे. यात राजा नाही, राक्षस नाही. एक लॅपटॉप आहे, एक डबी आहे आणि एक मूर्ख आहे. मूर्ख कोण, ते तुमच्या लवकरच लक्षात येईल.

तर मंडळी, शुक्रवारची सकाळ होती आणि पडदा काळा झाला.

एक नव्हे, दोन. माझ्या टेबलावर तेव्हा दोन मोठे पडदे असत. डावीकडच्या पडद्यावर एका मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर होतं, म्हणजे मी संगणकावर काढलेलं त्याचं चित्र. शेगड्या, धुराडं, भाताची पातेली, भांडी घासायची मोरी, सगळं जागच्या जागी. उजवीकडच्या पडद्यावर मापं. समोर, व्हिडिओ कॉलवर, पुण्याहून कंपनीच्या अन्विता मॅडम बघत होत्या. मी म्हटलं, "आता आपण कोठीच्या दारातून आत येतो," आणि ते स्वयंपाकघर गर्रकन फिरवलं. त्यासरशी दोन्ही पडदे मिटले. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत एक पाटी उमटली. तिचा अर्थ एवढाच, की ग्राफिक्स कार्ड हाकेला ओ देत नाही.

"गिजरे सर," मॅडमचा आवाज आला, "आम्ही दारातच उभे आहोत."

"आलोच मॅडम. एक मिनिट."

"मागच्या शुक्रवारीही तुम्ही आम्हाला दारातच ठेवलं होतं."

मी तारा हलवल्या. लॅपटॉप झाकला, उघडला. पडदे अमावस्येसारखे. शेवटी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, पुढच्या शुक्रवारी वसतिगृहाच्या मिसाळबाई स्वतः बघणार आहेत. त्याच आठवड्यात तुमची चाचणीची मुदत संपते. तुमचं काम मला आवडतं, खरंच. पण काळा पडदा मी कुणाला दाखवू?"

बोलणं संपलं. दारात माझी बायको शैला चहा घेऊन उभी.

"काय म्हणाल्या?"

"काम आवडतं म्हणाल्या."

"आणि?"

"आणि काही नाही."

"मग चेहरा असा का, उपासाला केळं काळं पडावं तसा?"

मी चहा प्यालो. सगळं तिला ठाऊकच होतं.

आमच्या कऱ्हाडजवळ एक कारखाना होता. तिथे मी ऐन तारुण्यापासून यंत्रांची ड्रॉइंग काढायचो. तो बंद पडला तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. वर्षभराहून जास्त घरी होतो. घर शैलाच्या शिकवण्यांवर चाललं होतं. मी सकाळी भाजी आणायचो, निवडायचो, आणि दहा वाजता भाजी संपायची, दिवस उरायचा. शिकवणीला येणाऱ्या पोरांना मी पाणी द्यायचो. एकाने मला "काका, तुमची सुट्टी कधी संपते?" असं विचारलं होतं. तेव्हा या पुण्याच्या कंपनीने घरी बसून मोठाल्या स्वयंपाकघरांची चित्रं काढायचं काम दिलं, तेही चाचणीवर. ते गेलं असतं तर पुढे कुणी दारात उभं केलं नसतं.

कंपनीने एक लॅपटॉप पाठवला, दोन पडदे पाठवले आणि एक डबी पाठवली. तिला डॉकिंग स्टेशन म्हणतात, थोडक्यात डॉक. पोथीएवढी, धातूची, एका अंगाला भोकंच भोकं. पडद्यांच्या, माऊसच्या, विजेच्या सगळ्या तारा त्या डबीला लावायच्या आणि डबीची एकच तार लॅपटॉपला. मला ती फार आवडली. इतक्यांचं ओझं स्वतःवर घेऊन पुढे एकच धागा धरायचा, ही वृत्ती मला संतांची वाटली. ग्राफिक्स कार्डही कळलं. लॅपटॉपात चित्रं काढणारे दोघं असतात. एक घरचा, साधी कामं उरकणारा. दुसरा म्हणजे हे कार्ड, ताकदीचा गडी. चित्र गरगर फिरवायची वेळ आली की तो पुढे होतो, लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो. आमचं म्हणणं असं, की हा गडी माझ्याकडे येऊन आजारी पडला होता.

कंपनीत संगणक सांभाळणारे पाटकर म्हणून होते. त्यांचा रोज फोन.

"सर, काल सांगितलेलं केलंत? कार्डाचा प्रोग्रॅम नवा टाकलात?"

"टाकला."

"साधं ग्राफिक्स बंद करून फक्त कार्डावर चालवलंत?"

"चालवलं."

"मग असं करा, डॉक बाजूला ठेवा आणि एका पडद्याची वायर थेट लॅपटॉपला लावून बघा."

"बघतो," मी म्हटलं आणि बघितलं नाही. डबीला बाजूला ठेव म्हणे! माझं अन्न तिच्यावर. आणि शिवाय तिची स्थापना झाली होती.

आता स्थापनेचं सांगतो. सांगताना हसू नका, निदान आत्ताच नको, पुढे जागा आहे.

चातुर्मासात दर गुरुवारी संध्याकाळी याच राममंदिरात द्वारकाताई निसळांचं कीर्तन असायचं. तुमच्यापैकी ज्यांनी त्यांना ऐकलंय त्यांना काही सांगायला नको. ज्यांनी नाही ऐकलं त्यांना कितीही सांगितलं तरी थोडंच. सत्तरी ओलांडलेली बाई, नऊवारी, अंगाने काडी, पण एकदा नारदाच्या गादीवर उभी राहिली की मागच्या ओटीवरचं कुत्रंसुद्धा मान वर करून बसायचं. पूर्वरंगात असं काही समजावायच्या की घरी जाताना माणूस शेजाऱ्याशी अबोला सोडायचा. दुसऱ्या दिवशी परत धरायचा, ते सोडा.

पूर्वरंग संपला की मध्ये नामाचा गजर सुरू होतो, हार घालतात, बुक्क्याचं तबक फिरतं. त्या वेळी ताईंची एक रीत होती. साथीदारांना बुक्का त्या स्वतःच्या हाताने लावायच्या. तबल्यावर जो असेल त्याला बसल्या जागी लावायच्या. टाळ धरणाऱ्याला बसल्या जागी. पण पेटीवर दिगूअण्णा गुरव असत. त्यांच्याकडे बघून ताई नुसती भुवई उचलायच्या. दिगूअण्णा पेटी मिटायचे, मांडीवर हात टेकून उठायचे, चार पावलं चालून त्या खांबापाशी जाऊन उभे राहायचे, आणि मग ताई तिथे जाऊन त्यांच्या कपाळाला बुक्का लावायच्या.

मी दोन चातुर्मास हे पाहत होतो. पाहता पाहता माझे डोळे भरून यायचे. केवढा हा मान! सगळ्यांत एकालाच उभं करतात! दिगूअण्णांचा मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? मग मी त्यावर विचार केला. माझा विचार म्हणजे काय, ते तुम्हाला आता कळेलच. मी सिद्धांत काढला, की बुक्का हा उभ्यानेच घ्यायचा असतो. बसून घेतला तर तो कपाळावरच राहतो, उभ्याने घेतला की आत उतरतो. नुसता काढून थांबलो असतो तर ठीक. मी तो लोकांना सांगितला. माझं ऐकून मागच्या रांगेतल्या तिघी बायका तबक आलं की उभ्या राहायला लागल्या आणि त्यांच्या मागच्या, "अहो बसा ना, ताई दिसत नाहीत!" म्हणून ओरडायला लागल्या. परंपरा अशाच सुरू होत असणार.

तर डबी घरात आली त्या गुरुवारपासून मी कीर्तनातून बुक्क्याची पुडी घरी आणायला लागलो. आधी देवाला, मग शैलाला, मग डबीला. डबीच्या सगळ्या तारा काढायचो, मऊ फडक्याने तिला पुसायचो, आणि मग, बरोबर ओळखलंत, तिला उभी करायचो. भोकांचं अंग वर. तसं केलं की ते अंग मला चेहऱ्यासारखं दिसायचं, दोन डोळे, एक तोंड, दात थोडे जास्त. त्या चेहऱ्याला चिमूटभर बुक्का लावायचा, हात जोडायचे, तारा परत खोचायच्या.

आणि शुक्रवारी पडदे काळे.

शैला एकदा म्हणाली, "अहो, हे शुक्रवारीच का होतं?"

"परीक्षा असते," मी म्हटलं. "भक्ताची."

"तुम्ही नापास होताय पण."

पडदे जितके जास्त जात, तितका मी बुक्का वाढवला. चिमटीची दोन बोटं होती, ती तीन झाली. पाटकरांनी कंटाळून लॅपटॉपच बदलून दिला. नवा कोरा, त्यातला गडी आणखी ताकदीचा. आठवडाभर मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. मग गुरुवार आला, मग शुक्रवार आला. दुपारी पाटकरांचा फोन आला.

"सर, रागावू नका. दोन लॅपटॉप आजारी पडले. म्हणजे आजार लॅपटॉपचा नाही."

"मग कुणाचा?"

"डॉकचा असेल. बदलून देतो."

"डॉकला हात लावू नका," मी एवढ्या जोरात म्हणालो की शिकवणीची पोरं थांबली. "डॉक चांगला आहे. त्याच्यामुळेच काय ते चाललंय."

"मग सर, डॉक सोडला तर टेबलापाशी एकच गोष्ट उरते," पाटकर म्हणाले. भला माणूस, नाव घेतलं नाही.

त्याच्यानंतरचा शुक्रवार म्हणजे तो कोठीच्या दारातला. पुढच्या शुक्रवारी मिसाळबाई. आणि मधल्या गुरुवारी दुपारी ताईंचं जेवण आमच्याकडे. चातुर्मासात श्रोत्यांच्या घरी पाळीपाळीने ताईंना जेवायला बोलवायची पद्धत होती. कीर्तनाच्या दिवशी त्या दुपारीच काय ते जेवत. शैला म्हणाली, "पुढे ढकलू या का? तुमचं डोकं ठिकाणावर नाही." मी म्हटलं, अगं, देवच पाठवतोय. ताईंच्या हातून डबीला बुक्का लावून घेतो. माझ्या हातात काही कमी पडत असेल.

ताई आल्या, बरोबर दिगूअण्णा. दिगूअण्णा जिना चढताना दर पायरीला रामाचं नाव घेत होते. मला तेवढ्यानेही भरून आलं.

"केवढी भक्ती!" मी शैलाच्या कानात म्हटलं.

"गुडघे दुखतायत त्यांचे," शैला म्हणाली.

पानं घ्यायच्या आधीच मी ताईंना माझ्या खोलीत नेलं. तारा काढल्या, डबी पुसली, टेबलाच्या मधोमध उभी केली. पुडी उघडून ताईंपुढे धरली.

ताईंनी डबीकडे पाहिलं. "हे कोण?"

"माझा अन्नदाता आहे, ताई. उद्या त्याची परीक्षा आहे. म्हणजे माझी. ही नोकरी राहते की जाते ते उद्या ठरणार. आपल्या हाताने बुक्का लावा."

"लावते की. पण वसंता, याला असा उभा का केलास? पडेल."

"बुक्का उभ्यानेच घ्यायचा ना?"

"कोण म्हणतं?"

"आपणच. म्हणजे आपण म्हणत नाही, करता. दिगूअण्णांना नाही का, उठवून, बाजूला नेऊन, उभं करून..." मी हात जोडले. "केवढा मान तो."

ताईंनी मागे वळून हाक मारली, "दिगू, जरा इकडे ये रे."

दिगूअण्णा लंगडत आले.

"वसंता म्हणतो, मी तुला बुक्क्याला उभं करते तो तुझा मान आहे."

"मान?" दिगूअण्णा म्हणाले. "डोंबलाचा मान! मांडी घालून बसलेल्या माणसाला मधेच उठवायचं, परत बसवायचं. गुडघ्यांचा पार भुगा झालाय. किती वर्षं सांगतोय हिला, मला लावूच नकोस, मी घरी जाऊन लावतो. ऐकते का?"

"पण मग..." मी म्हटलं.

"अरे, पेटी!" ताई म्हणाल्या. "बुक्का म्हणजे काय रे? कोळशाची पूड, वर चंदन, नागरमोथा आणि काय काय. एकदा चिपळूणला माझ्या हातून चिमूट पेटीत सांडली. खाली सुरांच्या पट्ट्यांत जाऊन बसली. त्याचा पंचम जो बसला, तो उत्तररंग संपेपर्यंत उठलाच नाही. आख्यानात सावित्री रडतेय आणि तिच्यामागे पेटी म्हातारीसारखी कण्हतेय! लोक हसले रे. त्या दिवसापासून ठरवलं, पेटीवाल्याला पेटीपासून लांब नेल्याशिवाय बुक्का लावायचा नाही."

मी उभ्या डबीकडे पाहिलं. दोन डोळे, एक तोंड. सगळी भोकं वर, आ वासून. माझा चेहरा बोलला असावा.

"वसंता," ताईंनी हळू विचारलं, "यात किती घातलास?"

"दर गुरुवारी थोडा."

"थोडा म्हणजे?"

दारातून शैला म्हणाली, "आधी दोन बोटांची चिमूट. मग बिघडायला लागलं म्हणून तीन बोटांची."

ताई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मग खुर्ची धरून बसल्या. त्या बाईने आयुष्यभर हजारोंना हसवलं असेल, पण त्यांना हसवण्याचा मान माझा. दिगूअण्णांनी वर्तमानपत्राचा कागद पसरला, पिशवीतून पेटी झाडायचा बारीक ब्रश काढला आणि डबी त्यावर उलटी करून हलकेच ठोकली. काळा भुगा पडला. आणखी ठोकली, आणखी पडला. माझ्या कामाच्या खोलीत राममंदिराचा वास सुटला.

"निम्मा आतच राहिला असेल," दिगूअण्णा म्हणाले. "पेटी असती तर खोलून साफ केली असती. हिच्यातलं मला काही कळत नाही."

मला सगळी वाक्यं एकदम ऐकू यायला लागली. पाटकरांचं "डॉक बाजूला ठेवा", शैलाचं "शुक्रवारीच का होतं". तो बिचारा ग्राफिक्स कार्डवाला गडी! त्याची काही चूक नव्हती. तो चित्र काढून इमानाने पाठवत होता आणि ते कोळशाच्या खाणीत जाऊन पडत होतं. एक सोडून दोन गड्यांना मी आजारी ठरवलं होतं.

"आता उद्या काय करू, ताई?"

ताईंनी डोळे पुसले. "ज्याचा घसा बसलाय त्याला गायला उभा करू नये. त्याला निजव. जो बरा आहे त्याच्यावर भागव. पेटी बंद पडली तर मी नुसत्या टाळावर कीर्तन केलंय. दोन पडदे नसले म्हणून काय झालं? एकावर सांग. आणि आता वाढा गं शैला, अळू गार होतंय."

जेवणं झाली. डबीला मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. एका पडद्याची तार थेट लॅपटॉपच्या भोकात लावली. पडदा लखकन उजळला. मी स्वयंपाकघर फिरवलं. पंखा घोंघावला. चित्र फिरलं, थांबलं, फिरलं. हात जोडणार होतो, शैलाने मनगट धरलं.

"काही लावू नका," ती म्हणाली.

शुक्रवारी मिसाळबाई पडद्यावर आल्या. खणखणीत आवाजाची, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई. बाजूच्या चौकटीत अन्विता मॅडम, चेहऱ्यावर काही नाही. मापांचा पडदा नव्हता, म्हणून मापं मी जुन्या सवयीने कागदावर लिहून मांडीवर ठेवली होती. म्हटलं, "आता आपण कोठीच्या दारातून आत येतो." दार आलं. दार गेलं. आम्ही आत आलो. अन्विता मॅडमनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोठी पाहिली.

मिसाळबाईंनी सगळं पाहिलं. धुराडं बरं आहे म्हणाल्या. मोरी लांब आहे म्हणाल्या, ती मी जवळ ओढली. मग एका कट्ट्यापाशी थांबल्या.

"इथे काय?"

"इथे पोळ्या लाटायच्या."

"उभ्याने?"

"हो. उंची अगदी शास्त्रशुद्ध आहे."

"असेल. पण सकाळ-संध्याकाळ शे-दीडशे मुलींच्या पोळ्या. माझ्याकडच्या बायका काही तरण्या नाहीत, साहेब."

मला तयार उत्तर होतं. उंचीचं कोष्टक होतं, नियम होते, तोंडात शब्द आले होते. पण डोळ्यांपुढे दिगूअण्णा आले, मांडीवर हात टेकून उठणारे. उभं राहण्याचा मान म्हणजे काय, ते मला आदल्या दिवशीच कळलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "थांबा, बदलतो."

आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, कट्टा खाली घेतला. भिंतीकडेने बसायला बाक दिला. एका बाजूला जमिनीपासून वीतभर उंच ओटा काढला, ज्यांना मांडी घालूनच लाटायला जमतं त्यांच्यासाठी. मग सगळं चित्र पुन्हा फिरवून दाखवलं, वरून, बाजूने, कोठीच्या दारातून. लॅपटॉपचा पंखा वादळासारखा घोंघावत होता. तो गडी एकदाही चुकला नाही. इतके आठवडे ज्याला शिव्या दिल्या, त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही.

"हं," मिसाळबाई म्हणाल्या. "हे झालं स्वयंपाकघर." आणि निघून गेल्या.

अन्विता मॅडम राहिल्या. "सर, सोमवारपासून तुम्ही आमचे. पण आधी एक सांगा, ग्राफिक्स कार्डाला नेमकं झालं काय होतं? पाटकर बरेच दिवस वाचून वाचून थकलेत."

सांगितलं. बुक्का सांगितला, उभी डबी सांगितली, दिगूअण्णांचे गुडघे सांगितले. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं, म्हणाल्या, "एक मिनिट हं," आणि त्यांनी आवाज बंद केला. पडद्यावर नुसत्या दिसत होत्या. खुर्चीवर मागे रेलून, तोंडावर दोन्ही हात, पाय आपटत. मग आवाज परत आला. "नवा डॉक पाठवते, सर."

नवा डॉक आला. बरोबर पाटकरांनी एक छापील सूचनापत्र जोडलं होतं, कंपनीत सगळ्यांना मिळतं ते. डॉकवर पाणी सांडू नये, डॉक उन्हात ठेवू नये, आणि शेवटी, नवीनच, डॉकवर कोणत्याही प्रकारची पूड लावू नये. ते कलम अजून आहे. नव्याने लागलेली मुलं विचारतात, अशी पूड कोण लावतं? मला ठाऊक नाही, असं मी सांगतो.

पुढच्या गुरुवारी मी मंदिरात मागे बसलो होतो, तोंड लपवून. पूर्वरंग झाला. गजर सुरू झाला. ताईंनी तबलजीला बुक्का लावला, टाळकऱ्याला लावला. मग दिगूअण्णांकडे पाहून भुवई उचलली नाही. स्वतः पेटीच्या मागून वळसा घेऊन गेल्या, त्यांच्या पाठीमागे उभ्या राहिल्या, पदर पेटीवर आडवा धरला आणि वाकून, त्यांना बसल्या जागी बुक्का लावला. दिगूअण्णांनी वर पाहिलं. कितीतरी वर्षांनी त्यांचे गुडघे जागेवर राहिले होते.

आणि मग ताईंनी श्रोत्यांवरून नजर फिरवली.

"वसंत गिजरे आलाय का? उभा राहा."

मी उभा राहिलो. सगळ्या माना वळल्या. ताई गादीवरून उतरल्या, सतरंजीवरून चालत माझ्यापाशी आल्या. श्रोत्यांत येऊन त्यांनी कुणाला बुक्का लावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी चक्क हात जोडले. मागच्या त्या तिघी बायका तर गहिवरल्याच. ताईंनी माझ्या कपाळाला बुक्का लावला, चांगला तीन बोटांनी, आणि अगदी हळू म्हणाल्या, "जवळपास काही भोकंबिकं नाहीत ना रे?"

ती चेष्टा होती की मान, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. सिद्धांत काढायचं मी सोडून दिलं आहे. एवढं खरं, की तो बुक्का आत उतरला.

ताई जाऊन आता काही वर्षं झाली. दिगूअण्णा त्यांच्या मागोमाग गेले, साथ सोडवेना म्हणून असेल. आज जी मुलगी गादीवर उभी राहणार आहे, ती ताईंकडेच शिकली, पण हे सगळं घडायच्या आधी. पुढचं तिला माहीत नाही. म्हणून मध्ये तबक फिरेल तेव्हा बघा, ती पेटीवाल्याला भुवई उचलून उठवेल, त्या खांबापाशी नेईल. मंडळी हात जोडतील. त्या पेटीवाल्याचे गुडघे अजून तरणे आहेत, चालेल. ते म्हातारे होतील तेव्हा मी जाऊन सांगेन तिला.

लागला बघा तबला. सावरून बसा. बुक्का आला की बसूनच घ्या, मागच्यांना दिसू द्या. आणि कपाळाला बोट लागेल तेव्हा एवढं करा, क्षणभर आमच्या द्वारकाताईंची आठवण काढा, आणि त्यांच्या मागे पेटी धरून बसलेल्या दिगूअण्णांची.